प्रोटॉन तुटते म्हणे, मंग दिसत काहून नाही? अन दिसला तं काय समजन?

कपाशीवाला दर्यापूर

राजेहो, डोक्यात एक किडा बसला हाय तो काढून द्या. मी काही सायन्सचा माणूस नाही, बारावी आर्ट, अर्ध्या वावरात कपाशी अन अर्ध्यात तूर-हरभरा. सध्या रातची लाईन हाय, हरभऱ्याले तुषार लावले का सकाळी चारपर्यंत धुऱ्यावर बसा लागते, पाईप बदला लागते अन डुकरं बी हाकला लागते, तं झोप येऊ नये म्हणून मोबाईलवर काहीबाही पाहत राह्यतो. पोरगी अमरावतीले बीएस्सी फर्स्ट इयरले हाय, तिनं एक व्हिडिओ पाठवला प्रोटॉन डीकेचा, म्हणजे अणूच्या पोटातला प्रोटॉन नावाचा कण आपोआप तुटते का याचा.

त्यात म्हणे एक जरी प्रोटॉन तुटताना दिसला तं आतापर्यंतच्या फिजिक्सच्या पलीकडचं काहीतरी हाती लागन. मंग लगेच सांगतलं का प्रोटॉनचं आयुष्य १ वर ३४ शून्य इतक्या वर्षाहून जास्त हाय. आता विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, म्हणजे १ वर दहाच शून्य. मंग हे मोजलं कोणं? एवढे दिवस कोण बसून होतं? मी एका फेरफारासाठी तीन वर्षं चकरा मारल्या तं मले वाटलं आयुष्य गेलं.

दुसरं म्हणजे जपानमंदी डोंगराखाली एक किलोमीटर आत ५०,००० टन पाण्याची टाकी करून लोक १९९६ पासून वाट पाहून राह्यले अन आजवर एक बी नाही दिसला. अन आता त्याहून मोठी टाकी बांधून राह्यले. हे कसं काय? आमची एक बोअर कोरडी गेली तं दुसरी माराले हिंमत होत नाही.

अन तिसरं, समजा तुटला. मंग? त्यातून समजते काय नेमकं?

पोरीले विचारलं तं म्हणे बाबा हे सिलॅबसमध्ये नाही.

गुरुजी कारंजावाले

भाऊ पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, तिसरा माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, कोणी शिकलेलं येईल.

तुमची गडबड इथे होऊन राहिली की तुम्ही आयुष्य म्हणजे बैलाचं आयुष्य धरलं. बैल म्हातारा होतो, दात झिजतात, मग जातो. प्रोटॉन म्हातारा होत नाही. १३८० कोटी वर्षांपूर्वीचा प्रोटॉन आणि आज सकाळचा प्रोटॉन, दोघांची आज तुटायची शक्यता सारखीच. म्हणून एका प्रोटॉनजवळ तितकी वर्षं बसायची गरजच नाही, तितके प्रोटॉन एका जागी गोळा करायचे आणि एक वर्ष बसायचं. हिशोब तोच पडतो.

आता तुमच्याकडे शेततळं असेलच, खारपाणपट्ट्यात त्याशिवाय भागत नाही. ३० बाय ३० बाय ३ चं धरू, बाजू उताराच्या असतात म्हणून पाणी मावतं २१९६ घनमीटर, म्हणजे २१९६ टन. पाण्याच्या एका रेणूत दहा प्रोटॉन, ऑक्सिजनचे आठ आणि दोन हायड्रोजनचे एकेक. १८ ग्रॅम पाण्यात ६ वर २३ शून्य इतके रेणू. मी काल वहीवर केलं, तुमच्या भरलेल्या शेततळ्यात साधारण ७ वर ३२ शून्य इतके प्रोटॉन निघतात. जपानच्या लोकांनी २०२० मध्ये जो आकडा दिला तो २.४ गुणिले १ वर ३४ शून्य, आणि तो पॉझिट्रॉन (प्लस चार्जचा इलेक्ट्रॉन) अधिक पायॉन (एक हलका कण) या एका विशिष्ट प्रकारे तुटण्यासाठी आहे, आणि तो "किमान इतका" असा आहे, नक्की इतका असा नाही. म्हणजे तुमच्या शेततळ्यात त्या प्रकारे ३३ वर्षांत सरासरी जास्तीत जास्त एक प्रोटॉन तुटेल. त्यांची टाकी म्हणजे तुमची तेवीस शेततळी, फक्त आडवी नाही तर उभी, ३९ मीटर रुंद आणि ४१ मीटर उंच.

त्यातही सगळं पाणी धरत नाहीत, भिंतीलगतचं सोडून मधलं साधारण २२,५०० टनच मोजणीत घेत आले. पीक कापणी प्रयोगात धुऱ्याजवळची तासं सोडून आतला प्लॉट घेतात ना, तसंच. कडेला बाहेरचा कण आत येऊन फसवू शकतो.

वर्गात एका पोरानं विचारलं, सर मग माझ्या अंगातला तुटला तर? सत्तर किलोच्या माणसात जितके प्रोटॉन आहेत त्या हिशोबानं दहा लाख वर्षांत एखादा. पोरगा जरा नाराजच झाला.

अंगातल्या हाडाचा हिशोब (पुसद)

गुरुजींच्या शेवटच्या मुद्द्याला धरून एक जोडतो, मले हा लय आवडते. गोल्डहाबर नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांचं म्हणणं असं का प्रोटॉन जर १ वर १६ शून्य वर्षात तुटत असता तर आपल्याच अंगात इतके तुटले असते का त्या किरणांनी माणूस जगलाच नसता. आपण जिवंत हाय हाच पहिला प्रयोग. काही खर्च नाही, टाकी नाही. १९५४ मध्ये राइन्स, कोवन अन गोल्डहाबर यांनी खरोखरचा पहिला प्रयोग केला.

खाणवाला वणी

जमिनीखाली काहून जाते ते मी सांगतो, कारण मी रोजच जातो, कोयशाच्या खाणीत.

वरतून आभाळातून सतत कण पडून राह्यते, म्युऑन म्हणते त्याले. हाताचा पंजा उघडा धरला तं सेकंदाले एखादा त्यातून आरपार जाते, आपल्याले पत्ता नाही. वरती टाकी ठेवली तं त्या पावसात एक प्रोटॉन तुटला का नाही हे कसं दिसन? बँडवाल्याच्या पुढं उभं राहून घड्याळाची टिकटिक ऐका म्हटल्यासारखं. खाली गेलं का दगड ते कण अडवते. जेवढं खोल तेवढं शांत.

अन राजेहो जपान जपान करता, पण हा प्रयोग आपल्या देशात त्याच्या आधी झाला हाय. कर्नाटकात कोलार गोल्ड फील्ड, सोन्याची खाण. २.३ किलोमीटर खोल! आमची खाण त्याच्यापुढं घरची पायरी. तिथं १९६५ मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो (बिनचार्जचे, दगडातूनबी आरपार जाणारे कण) सापडले, जगात पहिल्यांदाच, त्याच वर्षी आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत राइन्सच्या टीमलेबी सापडले. अन १९८० पासून तिथंच मुंबईच्या टीआयएफआर संस्थेनं अन जपानच्या ओसाकावाल्यांनी मिळून १४० टन लोखंडाचा डिटेक्टर बसवला, खास प्रोटॉन तुटते का पाहाले. लोखंडाच्या चौकोनी नळ्या थरावर थर, आडव्या-उभ्या. त्याईले काही घटना दिसल्या बी, प्रोटॉन तुटल्यासारख्या, जगभर चर्चा झाली. पण अमेरिकेत ओहायोतल्या मिठाच्या खाणीत आयएमबी नावाचा पाण्याचा डिटेक्टर होता, त्याच्यापेक्षा लय मोठा, त्याले तसं काहीच दिसलं नाही. मंग ते मागं पडलं.

२००१ मध्ये कोलारची खाण बंद झाली. खाण बंद झाली का पंप बंद, पंप बंद झाला का पाणी चढते. आम्ही खाणवाले हे ऐकलं का चूप होतो.

एमएस्सीवाली नागपूर (मूळ गाव उमरखेड)

काका, तुमचा तिसरा प्रश्नच खरा प्रश्न आहे, मी जरा लांबण लावणार आहे, पाईप बदलून या आधी.

आज जी थिअरी चालते, स्टँडर्ड मॉडेल, तिच्यात कणांची दोन घराणी आहेत. एक क्वार्कचं, ज्यातले तीन मिळून प्रोटॉन बनतो. दुसरं लेप्टॉनचं, त्यात इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो वगैरे. दोन घराण्यांत शेजारपाजार आहे पण सोयरीक नाही, क्वार्कचा लेप्टॉन होत नाही. तीन क्वार्कवाल्या कणांमध्ये प्रोटॉन सगळ्यात हलका, त्याला खाली उतरायला जागाच नाही म्हणून तो टिकतो. (न्यूट्रॉन जरासा जड आहे तर बघा, अणूच्या बाहेर काढला की पंधराएक मिनिटांत मोडतो.) पण गंमत अशी की प्रोटॉन टिकलाच पाहिजे असा कुठला मूळ नियम त्या थिअरीत नाही. बाकीचे नियम लिहिले आणि हे आपोआप तसं निघालं. आपोआप निघालेल्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा?

आता दुसरी गोष्ट. प्रोटॉनचा प्लस चार्ज आणि इलेक्ट्रॉनचा मायनस चार्ज एकमेकांना तंतोतंत काटतात, १ वर २१ शून्य भागांत एका भागाचाही फरक सापडलेला नाही. दोन वेगळ्या गावच्या, ओळख ना पाळख अशा माणसांच्या घरची मापटी इतकी बरोबर जुळली तर तुम्ही काय म्हणाल? एकाच सुताराकडून घेतली असतील. पती आणि सलाम या शास्त्रज्ञांनी (जोगेश पती आपल्या ओडिशाचे) आणि १९७४ मध्ये जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी नेमकं हेच म्हटलं, की क्वार्क आणि लेप्टॉन मुळात एकाच घराण्याचे आहेत, वाटणी नंतर झाली. याला ग्रँड युनिफिकेशन म्हणतात. एक घराणं मानलं की चार्ज जुळतात, जुळावेच लागतात. पण मग एक किंमत मोजावी लागते. भाऊबंद असतील तर एकाचं दुसऱ्यात रूपांतर होऊ शकतं, क्वार्कचा लेप्टॉन होऊ शकतो, म्हणजेच प्रोटॉन तुटू शकतो.

हे रूपांतर करवणारा मध्यस्थ कण प्रचंड जड असायला हवा, प्रोटॉनच्या १ वर १५ किंवा १६ शून्य पट. जिनिव्हाजवळच्या प्रोटॉनवर प्रोटॉन आदळवणाऱ्या मोठ्या मशीनमध्ये जी टक्कर होते तिची ऊर्जा साधारण साडेचौदा हजार प्रोटॉनच्या वजनाइतकी. म्हणजे मशीन हजारो कोटी पटींनी कमी पडतं, तसं मशीन कोणी बांधणार नाही, पृथ्वीवर जागाच नाही. पण प्रोटॉन तुटला तर त्या जड कणाची खबर आयती हातात येते. आणि खबर मोघम नसते, आयुष्य त्या वजनाच्या चौथ्या घातानं वाढतं, वजन दहापट तर आयुष्य दहा हजार पट. म्हणजे आयुष्य मोजलं की वजनाचा अंदाज बांधता येतो.

पण माझ्या मते "तुटला का" यापेक्षा "तुटून काय निघालं" हे जास्त बोलकं आहे. पॉझिट्रॉन आणि पायॉन निघाला तर साध्या ग्रँड युनिफिकेशनकडे बोट जातं. केऑन (पायॉनपेक्षा जड असा कण) आणि न्यूट्रिनो निघाला तर सुपरसिमेट्रीवाल्या, म्हणजे प्रत्येक कणाला एक जोडीदार कण मानणाऱ्या थिअऱ्यांचं पारडं जड होतं, कारण त्यांच्यात बहुतेक ही वाट पुढे असते. तुमच्याकडे पराटीचं झाड सुकलं तर नुसतं सुकलं यावरून काय कळतं? बोंड फोडून बघता, मुळी उपटून बघता, तेव्हा कळतं रोग कोणता.

अजून एक. विश्वात सगळीकडे द्रव्यच आहे, प्रतिद्रव्य (उलट्या चार्जचं त्याचं जुळं) जवळपास नाही. सुरुवातीला दोन्ही सारखे असते तर एकमेकांना संपवून नुसता प्रकाश उरला असता. रशियन शास्त्रज्ञ सखारोव्ह यांनी १९६७ मध्ये दाखवलं की द्रव्य उरायला काही अटी पाळाव्या लागतात, त्यातली एक म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांची एकूण मोजदाद कधीतरी बदलायला हवी. प्रोटॉन तुटतो म्हणजे मोजदाद बदलते. एवढ्यानं सगळं कोडं सुटत नाही, पण जी वाट फक्त कागदावर आहे ती खरोखर चालती आहे हे कळेल.

बिनकामाचा अकोला

सगळं ऐकलं ताई. पण मले एक सांग, हे तं असंच झालं ना का बुवा म्हणते पोरगा होईन, नाही झाला तं म्हणते पुढच्या वर्षी. आधी म्हणे १ वर ३१ शून्य. नाही दिसला. मंग म्हणे ३२. नाही दिसला. आता ३४. दर वेळी शून्य वाढवत राह्यते अन टाकी मोठी करत राह्यते. याले सायन्स म्हणाचं का ठेकेदारी?

कपाशीवाला दर्यापूर

थांब भाऊ, यावर मलेच एक सुचलं. आम्ही बोंडअयीसाठी कामगंध सापळे लावतो. एका सापळ्यात रातून आठ पतंग, अन तसे लागोपाठ तीन राती आले तं फवारा म्हणते. आता सापळ्यात पतंग नाही आला तं सापळा वाया गेला का? नाही. फवारणीचा खर्च वाचला. शून्य बी बातमीच हाय, फक्त सापळा नीट पाहिजे, आतली गोळी जुनी झाली असन तं शून्याले काही अर्थ नाही. बरोबर हाय का ताई?

एमएस्सीवाली नागपूर (मूळ गाव उमरखेड)

काका, हे मी माझ्या सेमिनारमध्ये वापरणार, आधीच सांगून ठेवते.

अकोल्याच्या दादांचं अर्धं चूक आणि अर्धं बरोबर आहे. चूक कुठे, तर १९७४ ची ती सगळ्यात साधी थिअरी, एसयू(५), तिनं आयुष्याला वरची हद्द घातली होती, साधारण १ वर ३१ शून्याच्या आसपास. तसं असतं तर गुरुजींच्या हिशोबानं काकांच्या शेततळ्यात महिन्याला सहा प्रोटॉन तुटले असते, आणि जपानच्या टाकीतल्या मोजणीच्या पाण्यात दिवसाला दोन. १९८३ मध्येच आयएमबीनं दाखवलं की आयुष्य त्या हद्दीच्या पलीकडे आहे, आणि ती थिअरी बाद झाली. इतकी देखणी थिअरी, भल्याभल्यांनी खरी धरलेली, नुसत्या न दिसण्यानं मेली. बुवा कधी असा मरत नाही.

बरोबर कुठे, तर पुढच्या थिअऱ्यांमध्ये, खास करून सुपरसिमेट्रीवाल्यांत, इकडचा तिकडचा आकडा फिरवून आयुष्य लांबवता येतं. ही तक्रार खरी आहे, मलाही खटकते, आमचे सरही मान्य करतात. काही थिअऱ्यांत तर १ वर ३६ शून्यापर्यंत पळायला जागा आहे.

सापळ्याचं उदाहरण एका ठिकाणी मात्र अपुरं पडतं. तुमच्या सापळ्याच्या गोळीचा वास बोंडअळीच्या नर पतंगासाठीच असतो, दुसरा पतंग सहसा येत नाही. इथे तसं नाही. खाणवाल्या दादांचा दगड म्युऑन अडवतो पण न्यूट्रिनोला अख्खी पृथ्वीही अडवत नाही, आणि न्यूट्रिनो पाण्यात धडकला तर कधीकधी हुबेहूब प्रोटॉन तुटल्यासारखं चित्र उमटतं. म्हणून नुसतं काही दिसून चालत नाही. पॉझिट्रॉन आणि पायॉनच्या वाटेनं तुटला तर पायॉन लगेच दोन फोटॉनमध्ये (प्रकाशाच्या कणांमध्ये) फुटतो, पाण्यात निळसर प्रकाशाची दोन-तीन वर्तुळं उमटतात, भिंतीवरचे अकरा हजारांवर मोठे बल्बसारखे डोळे ती टिपतात, आणि मग हिशोब मांडायचा, सगळ्या तुकड्यांची ऊर्जा मिळून बरोबर एका प्रोटॉनच्या वजनाइतकी भरते का, आणि सगळी धाव एकमेकीला काटते का, कारण प्रोटॉन जागेवर बसल्या बसल्या तुटला असणार. २०२० च्या त्याच निकालात पॉझिट्रॉनच्या वाटेवर एकही घटना नव्हती, आणि म्युऑनच्या वाटेवर (पॉझिट्रॉनऐवजी म्युऑन निघतो ती) एक होती. एक! पण न्यूट्रिनोमुळे तशी साधारण एक घटना येईलच असा हिशोब आधीच लावलेला होता, म्हणून कोणी पेढे वाटले नाहीत. कोलारचं काय झालं ते तुम्ही वर वाचलंच.

केऑनच्या वाटेला अजून एक अडचण. त्या तुटण्यातून निघणारा केऑन पाण्यात इतका हळू असतो की त्याचा प्रकाशच पडत नाही, तो पुढे मोडतो तेव्हा त्याच्या तुकड्यांवरून ओळखावं लागतं. म्हणून चीनमध्ये २०,००० टन चमकणाऱ्या द्रवाची टाकी केली आहे आणि अमेरिकेत जमिनीखाली दीड किलोमीटरवर थंड द्रव आर्गॉनच्या टाक्या होत आहेत, त्यांना हा केऑन बरा दिसेल. जपानची नवी टाकी २ लाख ६० हजार टनांची.

आणि दादा, ठेकेदारी म्हणालात म्हणून. जपानची आधीची ३,००० टनांची टाकी १९८३ मध्ये प्रोटॉनसाठीच केली होती. प्रोटॉन काही तुटला नाही, पण १९८७ मध्ये शेजारच्या आकाशगंगेत तारा फुटला आणि त्याचे ११ न्यूट्रिनो त्या टाकीत सापडले, आयएमबीत ८. मग १९९८ मध्ये मोठ्या टाकीत कळलं की न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात, म्हणजे त्यांना वजन आहे, आणि हे स्टँडर्ड मॉडेलच्या मूळ रूपात बसत नाही. २००२ आणि २०१५ ची नोबेलं या दोन शोधांवर. प्रोटॉनच्या कामात अडथळा म्हणून ज्या न्यूट्रिनोला शिव्या देत होते त्यानंच पलीकडची पहिली खूण दिली. तण म्हणून उपटत होते, तेच पीक निघालं.

बिनकामाचा अकोला

बरं. अर्धं मान्य केलं तुनं म्हणून अर्धं मी बी मान्य करतो. पण ३६ शून्यावाल्याले सोडू नको.

गुरुजी कारंजावाले

कपाशीवाले भाऊ, एक राहिलं. तुमच्या शेततळ्यात हा प्रयोग करायचा विचार असेल तर पाणी बदला आधी. त्यांचं पाणी इतकं स्वच्छ असतं की प्रकाश ऐंशी-नव्वद मीटर आरपार जातो. खारपाण चालणार नाही.

कपाशीवाला दर्यापूर

गुरुजी आमच्या शेततळ्यात तीन फुटावरचा बेडूक दिसत नाही, तुम्ही मीटर कायचे सांगता.

पोरगी रविवारी आल्ती. तिले तुमचा ३३ वर्षाचा हिशोब दाखवला, तिनं परत करून पायला अन म्हणे बरोबर हाय बाबा, पण तळं भरलेलं असन तं. अन तिथंच गाडं अडलं. गेल्या महिन्यात रोह्याचा (नीलगाईचा) कळप पाण्यावर उतरला, खुरानं पन्नी फाडली दोन जागी, आता अर्धंबी पाणी नाही. म्हणजे ३३ चे ७० वर्षं झाले समजा.

पोरगी म्हणे जपानची टाकी बी गळत होती अन २०१८ मध्ये सगळी रिकामी करून आतून जोड बंद केले त्याईनं. खरं हाय का हे? अन खरं असन तं ताई एवढं विचारून सांग कोणाले, ते पाणी न सोडता खालची गळती नेमकी कोठी हाय हे कसं शोधते. मले पन्नीवाल्यानं सगळंच पाणी काढा लागन म्हणून सांगतलं, अन हरभऱ्याचे दोन पाणी अजून बाकी हाय.